पाऊस सातबारा पाहून पडत नाही

माणूस आयुष्यभर इतरांना शिकवीत असतो. परंतु स्वतः शिकण्याची पाळी त्याच्यावर कधी येईल, हे सांगता येत नाही. माझ्यावर ती पाळी २६ जानेवारी २०१९ रोजी, आमच्या गावच्या ग्रामसभेत आली.

चौतीस वर्षे शिक्षकाची नोकरी करून मी २०१८ साली निवृत्त झालो आणि गावी परतलो. गाव पर्जन्यछायेतले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि दिवाळीपूर्वीच विहिरींनी तळ गाठला होता. माझ्या मनात मात्र डाळिंबाची बाग डोलत होती. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाताशी होती. खोल कूपनलिका खणावी, ठिबक बसवावे आणि उरलेले आयुष्य झाडांच्या सहवासात घालवावे, असा बेत मी पक्का केला होता.

त्या सभेत गावातील काही तरुणांनी एक ठराव मांडला. शेतीसाठी यापुढे नवी कूपनलिका कोणी घेऊ नये. पावसाचे मोजमाप ठेवावे. प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरांचे आणि उरेल त्यात शेती, असा क्रम लावावा. डोंगरावर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी. हिवरे बाजारने १९९० नंतर हेच नियम पाळून आपले रूप पालटले, हे त्यांनी तेथे जाऊन पाहिले होते.

मी उठलो. चार बुके शिकलेला माणूस. बोलण्याची सवय होतीच. जमीन माझी, पैसा माझा, मग खालच्या पाण्यावर गावाचा हक्क कसा, असा प्रश्न मी विचारला. अनेकांनी माना डोलावल्या. सभा माझ्या बाजूस झुकत आहे, हे पाहून मला समाधानही वाटले.

तेवढ्यात मागच्या बाजूस बसलेली एक वृद्धा उठली. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी करून आणि तीन शेळ्या राखून तिने संसार केला. सारे गाव तिला आत्याबाई म्हणते. ती म्हणाली, “गुरुजी, पाऊस काय सातबारा बघून पडतो व्हय?”

सभेत हशा पिकला. मीही हसलो, पण उत्तर मात्र सुचले नाही.

त्या रात्री झोप लागेना. १९७२ चा दुष्काळ डोळ्यांपुढे उभा राहिला. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तेथे मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. त्या वर्षी गावात पाणी टिकले ते एकट्या आमच्या विहिरीला. वडिलांनी मोट सोडून ठेवली आणि सारा गाव तेथे पाणी भरू लागला. डोळ्यांदेखत आमचा ऊस वाळून गेला; परंतु ‘ही विहीर माझी’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. वडिलांचे अक्षरज्ञान सहीपुरतेच होते. मी पदवीधर असून माझा कायदा त्यांच्या न्यायापुढे किती उणा ठरला!

याच दुष्काळाने विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकास पुरंदर तालुक्यातील नायगावी नेले. १९७४ पासून त्यांनी तेथे जो प्रयोग केला, तो पुढे पाणी पंचायत म्हणून ओळखला गेला. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटावयाचे नाही, तर माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. हे सारे मी वर्गात शिकविले होते. आत्याबाईने ते न वाचताच विचारले होते.

पहाटे उठून मी हिशेब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. वर्षाला ४०० मिलिमीटर धरले, तरी पाचशे हेक्टरांच्या शिवारावर २०० कोटी लिटर पडते. त्यातील पुष्कळसे वाहून जाते, पुष्कळसे उन्हाने उडते आणि थोडेच मुरते. त्या थोडक्यात शंभर नळ्या खुपसल्या, तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही. हा हिशेब घेऊन मी तरुणांकडे गेलो आणि कूपनलिकेचा बेत सोडल्याचे सांगितले.

पुढचे काम ठरावाइतके सोपे नव्हते. आम्ही घरोघर हिंडलो. चराईबंदीचा घाव प्रथम गरिबांवर पडतो, हे तेव्हा उमगले. कूपनलिका न घेतल्याने माझी बाग राहिली. पण आत्याबाईला दोन शेळ्या विकाव्या लागल्या. तिच्याच प्रश्नाने ठराव तरला होता आणि त्याची किंमतही तिनेच अधिक मोजली. म्हणून पुढल्या सभेत मी दुरुस्ती सुचविली: डोंगरावरचे गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा असावा. ती मान्य झाली.

उन्हाळाभर आम्ही दर रविवारी डोंगरउतारावर समपातळी चर खणले. सगळेच आले असे नाही. एका शेतकऱ्याने तर रातोरात कूपनलिका खणून घेतली. भांडण झाले, अबोला झाला; परंतु त्याला वाळीत टाकावयाचे नाही, असे आम्ही ठरविले. पुढे चर खणायला त्याचा मुलगा येऊ लागला.

आता शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. पावसाळ्यात रोज सकाळी मी मुलांकडून आकडा वाचून घेतो आणि तो चावडीच्या फळ्यावर लिहितो. दिवाळीनंतर त्या आकड्यांवरून पिके ठरतात. पाणी अजूनही पुरेसे नाही; उन्हाळ्यात ओढ असतेच. मात्र ती ओढ आता एकट्यादुकट्याची राहिलेली नाही.

फळ्यापुढे आत्याबाई नेमाने येऊन उभी राहते. तिला वाचता येत नाही. “आज किती, गुरुजी?” असे ती विचारते आणि मी आकडा मोठ्याने सांगतो.