आंबवड्याचे पाणी

श्रावणातल्या एका रविवारी नोकरीला लागलेल्या लेकीला घेऊन आम्ही भोरमार्गे एस.टी.ने आंबवड्याला गेलो. १६५९ साली प्रतापगडाखाली शिवरायांचे प्राण वाचविणाऱ्या जिवा महालांच्या समाधीला वंदन केले, झुलता पूल पाहिला नि डोंगराची वाट धरली. गावची दोन कुत्री आपणहून पुढे झाली. निसरड्या दगडावर आमचा पाय घसरला, तोच लेकीने हात धरला. एकेकाळी आम्ही तिचा धरीत असू!

धबधब्याखाली कुत्री लपलप पाणी प्याली. लेकीनेही ओंजळ भरली. आम्ही थबकलो. वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत, आपल्या माणसांना मात्र बंदी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन ती मोडली. वाचकहो, मुलांना डोंगरात जरूर न्या. ओंजळ भरताना ही गोष्टही सांगा.