अर्धी राहिलेली बाटली

लहान मुलांच्या घरात काही वस्तू न बोलावता मुक्कामाला येतात. आमच्या फ्रिजच्या दारात अशीच एक वस्तू कित्येक महिने ठाण मांडून होती. ती म्हणजे गुलाबी औषधाची अर्धी राहिलेली बाटली. तिच्याविषयी लिहिताना आम्हा उभयतांना आजही ओशाळल्यासारखे होते. तरीही लिहितो, कारण अशी बाटली आणखीही काही घरांत असावी.

२०१६ च्या जूनमध्ये आमची धाकटी दुसरीत गेली आणि पावसाबरोबर तिचा घसाही धरू लागला. दिवाळीपर्यंत चार वेळा ताप आला, चार वेळा घास गिळताना डोळ्यांत पाणी उभे राहिले. आजीने चिंचेला दोष दिला, शेजाऱ्यांनी शाळेबाहेरच्या बर्फाच्या गोळ्याला. ‘टॉन्सिल काढून टाका, कटकट मिटेल,’ असाही सल्ला मिळाला. आम्ही मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध तीन दिवस पाजत असू. ताप उतरून मूल अंगणात खेळू लागले की बाटली फ्रिजमध्ये जाई. लेकराच्या पोटात विनाकारण औषध कशाला, हा झाला मायेचा युक्तिवाद. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे न जाता तीच बाटली काढायची, हा काटकसरीचा.

नाताळच्या तयारीत तिचा घसा पुन्हा आला. घरात करंज्यांची गडबड. बाटलीतले उरलेसुरले औषध पाजून आम्ही मोकळे झालो. २०१७ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, ती गुडघा धरून बसली. दोन दिवसांनी म्हणाली, ‘आता घोटा दुखतो.’ वाढत्या वयाचे दुखणे समजून आम्ही तेल चोळले.

त्या संध्याकाळी तिची आत्या घरी आली होती. लहानपणी आत्याचाही घसा असाच वारंवार दुखे. मग एका पावसाळ्यात तिचे सांधे सुजले, आज गुडघा तर उद्या मनगट. काही आठवड्यांत सारे बरे झाले आणि घर ते विसरून गेले. पुढे पहिल्या बाळंतपणाच्या वेळी जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कळले की हृदयाची झडप अधू झाली आहे. अखेर शस्त्रक्रियेने झडप बदलावी लागली. रक्त पातळ ठेवणारी गोळी ती आजही रोज घेते.

आत्याने पोरीचा घोटा हातात घेतला आणि आमच्याकडे न पाहताच विचारले, ‘घशाचं औषध पुरतं दिलं होतं का रे?’

आम्हा दोघांपैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, सांधे तपासले, रक्त काढले आणि हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवले. अहवाल हाती येईपर्यंतची ती रात्र आम्ही जन्मभर विसरणार नाही. देवदयेने हृदय निर्दोष निघाले. सांध्यांनाही सूज नव्हती. आम्ही सुटकेचा श्वास टाकला तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘या वेळी सुटलात. आता नीट ऐका.’

त्यांनी सांगितले ते असे. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात. सोबत खोकला असतो, नाक वाहते. अशा वेळी प्रतिजैविक औषधाचा काडीचाही उपयोग नसतो. विश्रांती, भरपूर पाणी, तापापुरते औषध आणि कळत्या मुलांना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. पण खोकला नसताना एकाएकी ताप चढला, मानेच्या गाठी दुखू लागल्या, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, तर स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा संशय घ्यावा आणि घशातील स्राव तपासून घ्यावा. या जंतूशी लढता लढता शरीर कधी कधी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. घसा दुखल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी तो येतो आणि पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना त्याचा धोका अधिक. पेनिसिलिनच्या जातीचे औषध वेळेवर सुरू करून पूर्ण दहा दिवस दिले, तर तो टाळता येतो.

‘ताप उतरला म्हणून औषध थांबवायचं नसतं,’ ते म्हणाले. ‘दिवस भरले म्हणून थांबवायचं असतं.’

टॉन्सिलचा विषय आम्हीच काढला. एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा असा नोंद केलेला त्रास असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, ‘तुमची नोंद कुठे आहे?’ नोंद नव्हतीच. त्या दिवशी शाळेच्या एका जुन्या वहीत आम्ही रकाने आखले. तारीख, ताप, खोकला होता की नव्हता. मागचे आठवून लिहिले तेव्हा ध्यानात आले की त्या पाचांतील निदान दोन दुखणी साध्या सर्दीची होती. नको तेव्हा औषध दिले आणि हवे तेव्हा अर्ध्यावर सोडले, अशी दुहेरी चूक आमच्या पदरी होती.

जानेवारीच्या अखेरीस घसा पुन्हा आला, या वेळी खोकल्याविना. तपासणीत जंतू सापडला. तिचा पेला आणि टॉवेल वेगळा केला, दिनदर्शिकेवर दहा चौकटी आखल्या आणि दर रात्री एकेकीवर तिच्याच हाताने खूण करविली.

३ फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण आला. चौथ्या शतकातील हा आर्मेनियाचा बिशप. माशाचा काटा घशात अडकलेल्या मुलाला त्याने वाचवले, अशी आख्यायिका आपण मासे खाणारे लोक विशेष आवडीने सांगतो. चर्चमध्ये फादरांनी दोन मेणबत्त्यांची फुली मुलीच्या गळ्याशी धरून आशीर्वाद दिला. तिच्यामागे आत्या उभी होती. ताप तर केव्हाच उतरला होता आणि पोरगी टवटवीत दिसत होती.

बाहेर येताच आत्याने तिला विचारले, ‘आज औषधाचा कितवा दिवस गं?’

‘सहावा.’

‘मग चार उरले,’ आत्या म्हणाली आणि तिचा हात धरून चालू लागली.

ते चारही दिवस आम्ही भरले. रिकामी बाटली टाकून देताना प्रथमच काहीतरी पूर्ण केल्यासारखे वाटले.