उत्तरकथा आणि वाचकाची निराशा

मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) ही कादंबरी रेट बटलर स्कार्लेटला सोडून जातो, तेथे थांबते. उत्तरकथा लिहिण्यास लेखिकेने अखेरपर्यंत नकार दिला. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे वारसांच्या संमतीने अलेक्झांड्रा रिप्ली यांची ‘स्कार्लेट’ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती प्रचंड खपली. तरीही समीक्षक आणि अनेक वाचक नाराज झाले.

एम.ए.च्या वर्गात कादंबरीच्या शेवटाविषयी बोलताना मला या नाराजीची हटकून आठवण होते. ‘पुढे काय झाले?’ असे विद्यार्थी विचारतातच. रिप्ली यांनी या प्रश्नाला वाचकांना हवे तेच उत्तर दिले : नायक-नायिकेचे पुनर्मीलन घडविले. मग निराशा कशाची? माझ्या मते, त्या मीलनासाठी मोजलेल्या किमतीची. मॅमी आरंभीच मरण पावते आणि कथा जॉर्जियातून आयर्लंडला जाते. यादवी युद्धानंतरची अमेरिकेची दक्षिण, गुलामगिरीतून मुक्त झालेली माणसे, हा मूळ कादंबरीने विपर्यस्त रंगविलेला, पण तिला टाळता न आलेला इतिहास मागेच राहतो. प्रणय उरतो, त्याला अर्थ देणारा काळ उरत नाही.

ऐतिहासिक कादंबरीत काळ पात्रांच्या स्वभावात मुरलेला असतो. तो काढून घेतला की स्वभावही पातळ होतो. सामान्य वाचकाला हे जाणवते. सांगता मात्र येत नाही. त्याची तक्रार भाबडी म्हणून आपण अध्यापकांनी बाजूला सारू नये. परिभाषा न लाभलेली ती समीक्षाच असते.