उलटा चार

अब्बांच्या मनगटावर 'एचएमटी जनता' असायचं. फज्रची नमाज झाली की ते घड्याळाला चावी देत. माझ्या बी.एड.च्या फीसाठी घरातून जे काही गेलं, त्यात तेही गेलं. दोनशे रुपये आले. अब्बा एवढंच म्हणाले, "मोबाइल में टाइम दिखता है ना."

तेव्हा त्याला विचारत कोण होतं? १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळूरला निघालेला हा सरकारी कारखाना. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि शौकीन मंडळी जागी झाली. भाव चढले. भावामागून नक्कलही आली. आतलं यंत्र जुनं, सतरा ज्वेलचं. तबकडी मात्र नव्याने रंगवलेली.

ईदला अब्बांना तसंच घड्याळ द्यावं म्हणून जळगावचं फुले मार्केट पालथं घातलं, मग धुळ्याला गेलो. एका दुकानदाराने रुमालातून घड्याळ काढलं. "सर, खास उर्दू आकड्यांचं. साडेचार हजार."

मी निरखून पाहिलं. चार उलटा होता. पाचवीच्या वहीत असता तर मी लाल शाईने गोल केला असता. रंगवणाऱ्याने तो नक्षीसारखा उतरवला होता. मी चूक दाखवली, तर दुकानदार हसला, "घेणारे कुठे वाचतात, सर?"

राग त्याचा आला नाही, त्या खऱ्या उत्तराचा आला.

शेवटी पिवळट तबकडीचं, साधं जनता पंधराशेला घेतलं. अब्बांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "बेटा, ये मेरी वाली नहीं," म्हणाले आणि चावी देऊ लागले.