एका आवाजाचे सुतक

सुतक कोणाचे धरावे आणि किती दिवस धरावे, याचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने करून ठेविला आहे. सपिंडांचे दहा दिवस, त्याहून दूरच्या भाऊबंदांचे तीन, आणि वार्ताच वर्षानंतर कळली तर नुसते स्नान. परंतु ज्याच्याशी आपले रक्ताचे नाते नाही, ज्याने आपला उंबरा कधी ओलांडिला नाही, मात्र ज्याचा आवाज वर्षानुवर्षे आपल्या घरात नांदला, अशा माणसाचे सुतक किती दिवसांचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नसावा. आमच्यापुढे तो आला २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, आणि तोही सातासमुद्रांपलीकडे, लॉस अँजेलिस शहरी.

आम्ही तेव्हा आमच्या कन्येकडे राहावयास गेलो होतो. २ ऑगस्ट रोजी व्हिन स्कली हे गृहस्थ वयाच्या ९४व्या वर्षी निवर्तले. १९५० पासून २०१६ पर्यंत, म्हणजे तब्बल सदुसष्ट हंगाम, त्यांनी डॉजर्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे धावते वर्णन केले. प्रथम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आणि १९५८ साली तो संघ पूर्व किनारा सोडून कॅलिफोर्नियात आला तेव्हा त्याच्याबरोबर येथे. बेसबॉलविषयी आमचे ज्ञान म्हणाल, तर तो क्रिकेटचा अमेरिकेत वाढलेला चुलतभाऊ आहे, एवढेच. परंतु कन्येचे शेजारी, सत्तरीचे एक गृहस्थ, दुसऱ्या दिवशी सकाळी फुले घेऊन डॉजर्सच्या क्रीडांगणाकडे निघाले होते. त्यांचे डोळे सुजलेले दिसले. “येता का?” असे त्यांनी विचारिले, आणि आम्ही निव्वळ कुतूहलाने त्यांच्या मोटारीत बसलो.

वाटेत ते बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. संघ या शहरी आला तेव्हा त्याचे स्वतःचे क्रीडांगण तयार नव्हते. पहिली चार वर्षे सामने कोलिसियम या अफाट मैदानावर झाले, आणि तेथे मागील बाकांवरून खेळाडू मुंग्यांएवढे दिसत. तेव्हा लोकांनी एक युक्ती काढिली. खिशातला ट्रान्झिस्टर बरोबर न्यावयाचा, आणि डोळ्यांपुढे चाललेला खेळ स्कलींच्या तोंडून ऐकावयाचा. १९६० साली एकदा स्कलींनी बोलता बोलता सांगितले, की आज अमुक पंचांचा वाढदिवस आहे, आपण सर्वांनी मिळून त्यांना शुभेच्छा देऊ या. पाहता पाहता हजारो कंठांतून एकच गजर उठला, आणि बिचारे पंच चकित होऊन वर पाहू लागले! “तेव्हा मी आठ वर्षांचा होतो,” शेजारी म्हणाले, “आणि ट्रान्झिस्टर माझ्या वडिलांच्या हातात असे.”

या माणसाच्या कलेचे मर्म कशात होते? वर्णनाच्या खोलीत बहुधा दोघे-तिघे बसून परस्परांशी गप्पा मारतात. स्कली बहुतकाळ एकटेच बसत, आणि म्हणून त्यांचे बोलणे थेट ऐकणाऱ्याशी होई. परंतु याहून दुर्मिळ गुण होता तो गप्प बसण्याचा. लहानपणी ते घरातल्या चार पायांच्या मोठ्या रेडिओखाली आडवे पडत, आणि प्रेक्षकांची गर्जना पावसासारखी अंगावर घेत. ज्या गर्जनेने आपल्याला वेड लाविले, तिच्या आड आपण यावयाचे नाही, हे त्यांनी जन्मभर पाळिले. १९७४ साली अटलांटा येथे हँक ॲरन याने डॉजर्सविरुद्ध ७१५वा ‘होम रन’ मारून बेब रूथचा उच्चांक मोडिला. चेंडू कुंपणापार गेला एवढे सांगून स्कली थांबले, आणि कितीतरी वेळ केवळ जनसमुदायाचा घोष ऐकू येत राहिला. मग त्यांनी मोजक्या शब्दांत त्या क्षणाचा अर्थ सांगितला, की खोल दक्षिणेत लोक एका कृष्णवर्णीयासाठी उभे राहून टाळ्या वाजवीत आहेत. आम्ही तीस वर्षे व्याख्याने देत आलो. परंतु कोठे थांबावे, हे आम्हांस अजून साधलेले नाही.

आणखी एक गोष्ट शेजाऱ्यांनी सांगितली, ती आमच्यातल्या भाषाशिक्षकास विशेष भावली. रेड बार्बर हे स्कलींचे गुरू. तू संघाचा भाट होऊ नकोस, हा त्यांचा धडा. म्हणून स्कली डॉजर्सचे वर्णन करिताना ‘आम्ही’ म्हणत नसत. ‘आम्ही जिंकलो’, ‘आमचा डाव’ ही भाषा त्यांच्या मुखी नव्हती. प्रतिपक्षाच्या खेळाडूचे कौतुकही ते तितक्याच जिव्हाळ्याने करीत. आम्हां निबंधकारांची तऱ्हा पाहा! आम्ही एकटेच टेबलापाशी बसून खुशाल ‘आम्ही’ लिहितो. त्यांनी सदुसष्ट हंगाम तो शब्द टाळिला, आणि सारे शहर मात्र त्यांना ‘आमचे’ म्हणत होते.

क्रीडांगणाकडे जाणाऱ्या रस्त्यास २०१६ पासून त्यांचेच नाव आहे. तेथील स्वागतफलकापाशी फुलांचा ढीग पडला होता. मेणबत्त्या होत्या, निळ्या टोप्या होत्या. इंग्रजीबरोबर स्पॅनिश ऐकू येत होती. कोणी मोठ्याने रडत नव्हते. जो तो आपल्या मुलास किंवा शेजारच्या परक्यास आपल्या बापाविषयी, आजीविषयी, एखाद्या उन्हाळ्यातल्या रात्रीविषयी सांगत होता. स्कलींविषयी असे फारसे कोणी बोलतच नव्हते. आमचे शेजारी फुले ठेवून वाकले आणि बराच वेळ उठेनात. मग म्हणाले, “वडील गेले त्या रात्रीही खोलीत हाच आवाज चालू होता.”

आणि तेथे, त्या परक्या फुलांपुढे, आम्हांस आमच्या पुण्यातल्या वाड्याची माडी आठवली. आमचे अण्णा शाळामास्तर. इंग्रजी वर्णन त्यांना धड उमगत नसे. परंतु आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी वर्णन लागले, की ते वह्या तपासणे सोडून रेडिओपाशी येत. सोवळ्यातली आजीसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून “पायचीत झाला का रे?” असे विचारी. क्रिकेट आमच्या घरात आले ते मराठी बोलत आले, आणि ते पंडितांच्या आवाजात आले. अण्णा फार बोलणारे नव्हते. त्यांच्या सहवासातले आमचे सुखाचे तास बहुतेक त्या आवाजाच्या सावलीतच गेले.

२०१५ सालच्या सप्टेंबरात पंडित पुण्यातच वारले. आम्हीही पुण्यातच होतो. सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी वाचिली, “अरेरे!” म्हटले, घडी घातली आणि कॉलेजास गेलो. अण्णांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. आपल्याला काही हरवले आहे, असे मनात आलेसुद्धा नाही.

५ ऑगस्टच्या संध्याकाळी क्रीडांगणात स्कलींना निरोप देण्यात आला, तो आम्ही शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात बसून पाहिला. २०१६ साली घरच्या मैदानावरील अखेरच्या दिवसांत स्कलींनी आपल्या खोलीबाहेर एक फलक लाविला होता. मला तुमची उणीव भासेल, असा त्याचा आशय होता. आता त्याच खोलीखाली दुसरा फलक उलगडला, आणि त्यावर उत्तर होते, की आम्हांला तुमची उणीव भासेल. त्यांनी जन्मभर टाळिलेला ‘आम्ही’ हा शब्द लोकांनी अखेर त्यांच्या खोलीवर टांगिला. शेजाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. आम्हीही पुसला.

रात्री पुण्यास वडील बंधूंना फोन केला. तेथे सकाळ झाली होती. “अरे, या वेळी? सर्व ठीक ना?” त्यांनी घाबरून विचारिले. आम्ही म्हटले, “दादा, बाळ पंडित गेले तेव्हा तुला अण्णांची आठवण झाली होती का?” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “त्यांचा तो रेडिओ माझ्याकडे आहे. वाजत नाही. पण टाकवत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावर पाणी घेताना शास्त्रकारांचा नियम आठवला. वर्ष लोटल्यावर वार्ता कळली, तर स्नानाने भागते. परंतु आमची अडचण निराळी होती. वार्ता वेळेवर पोहोचली होती. दुःखच सात वर्षे उशिरा आले.