वैशाखातला राजगड

मे महिना लागला, की मुंबई-पुण्याची मंडळी महाबळेश्वरच्या खोल्यांमागे लागतात. अशा दिवसांत आम्ही राजगडाला निघतो म्हटले, की शेजारीपाजारी काळजीने पाहतात. पावसाळ्यात जा, थंडीत जा, पण या उन्हात? माझे म्हणणे असे, की गडावर पाण्याची किंमत कळते ती वैशाखात. आणि पाणी कळल्यावाचून गड कळत नाही.

भोर-वेल्ह्याच्या या मुलखात तोरणा आणि राजगड समोरासमोर उभे आहेत. राजगडची उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास. गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढणारी वाट अंगावर येणारी. पाली दरवाजाची वाट रुंद, पायऱ्यांची. लेकुरवाळ्यांनी पालीचीच धरावी. फटफटायच्या आत चालू लागावे आणि उन्हे तापायच्या आत माची गाठावी. नंतर काळा कातळ तव्यासारखा तापतो आणि वारा पडला, तर डोके गरगरू लागते. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसत्या पाण्यावर भागत नाही. वाटेवर मावशी मडक्यातले ताक आणि पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसलेल्या दिसल्या, तर थांबावे. ताकातली मिठाची चिमूट म्हणजे अनुभवाचे शहाणपण!

माचीवर पोहोचल्यावर मनात येते, येथे माणसे राहिली कशी? राजगड नुसता लढाऊ किल्ला नव्हता. रायगडाआधी पंचवीसएक वर्षे तो राजधानी होता. येथेच १६५९ साली सईबाईंनी डोळे मिटले. १६६६ साली आग्र्याहून सुटलेले महाराज येथेच परतले. १६७० साली राजाराम महाराजांचा जन्म झाला तोही येथलाच. म्हणजे बाळंतिणीचे न्हाणे, पाहुण्यांचे तांबे, घोड्यांचे पाणी हे सारे या उंचीवर, भर वैशाखातही लागत होते.

याचे उत्तर कातळात आहे. पावसाचे पाणी साठवायला टाकी खोदली. खोदताना निघालेला दगड बांधकामाला आला. पद्मावती माचीवर विस्तीर्ण तळे आहे आणि थेट बालेकिल्ल्याच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे चंद्रतळे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे बजावले आहे. एखाद्या झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून टाकी बांधून ती जपावीत, असाही त्यात इशारा आहे. सुवेळा माचीचे नेढे आणि संजीवनीची दुहेरी तटबंदी पाहून आपण थक्क होतो. पण तटामागचा शिपाई उभा राहिला तो या पाण्याच्या बळावर.

भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगडही आहे. मान मिळाला तशी गर्दीही येणार, आणि गर्दीबरोबर रिकाम्या बाटल्या. ज्या टाक्यांनी एका राजधानीची तहान भागवली, त्यांत त्या तरंगताना पाहून जीव तुटतो.

तेव्हा मुलांना जरूर न्या. दर माणशी निदान तीन लिटर पाणी घ्या, डोक्याला उपरणे बांधा, भर दुपारी सावली सोडू नका. टाक्यात पाय बुडवू देऊ नका. आणि भरून नेलेली प्रत्येक बाटली रिकामी झाल्यावर त्यांच्याच हातून खाली आणवा. इतिहासाचा एवढा धडा त्यांना पुस्तकावाचूनही समजेल.