प्लास्टर निघाल्यानंतर

प्लास्टर असतं तोवर सगळं गाव आपल्या बाजूनं असतं. पाबळच्या स्टँडवर कुणी खुर्ची पुढे करतं, एसटीत जागा मिळते, संध्याकाळी चौकशीला माणसं येतात. प्लास्टर कापलं, की त्याच दिवशी दुखणं संपलं असं धरून चालतात. ‘निघालं ना? मग आता काय!’ बांधावरून उतरताना माझा पाय मुरगळला आणि करंगळीच्या अंगाचं, पावलाच्या कडेचं लांब हाड मोडलं. ते जुळलं, एक्स-रेत तसं स्वच्छ दिसलं. त्यानंतर जे सुरू झालं, ते मात्र कुठल्याच फोटोत येत नाही.

सकाळी पाऊल जवळजवळ पहिल्यासारखं असतं. पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं आखडतात, मग मोकळी होतात. दिवस कलला की चपलेचा पट्टा रुतायला लागतो. रात्री घोट्याखाली अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो, आणि तो हळूहळू भरून येताना बघत बसावं लागतं. आत ठणका चालूच. पहिल्यांदा वाटलं, हाड पुन्हा निसटलं. खरं कारण पोटरीत होतं. हृदय रक्त पावलापर्यंत पोचवतं, पण ते परत वर चढवायला पोटरीचा जोर लागतो. प्रत्येक पावलागणिक ती आवळते आणि शिरांतलं रक्त वर ढकलते. प्लास्टरमध्ये ती वाळून गेलेली असते. जोर कमी, म्हणून पाणी खालीच साठतं. हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली. आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, घोटा वरखाली हलवत राहायचं. महिनोन्‌महिने सूज रेंगाळली तरी ती बहुतेकदा याच वाटेनं उतरते. पोटरी एकाएकी दुखून लाल, गरम झाली, तर मात्र घरी लेप लावत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

खरी शिकवणी त्यापुढची. घोट्याच्या सांध्याला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांत मज्जातंतू असतात. पाऊल कुठे आहे, किती कललंय, ही खबर ते मेंदूला देतात. दुखापतीत ती खबर तुटते. म्हणून भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा. हाडाचंही तसंच. जसा भार पडेल तसं ते घडतं, हे ज्युलिअस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ मध्ये मांडलं. आमच्या पाबळला हे परकं वाटू नये. डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये याच अवर्षणाच्या मुलखात आले आणि शाळेत न रमलेल्या मुलांना वेल्डिंगपासून शेतीपर्यंत हातानं काम करत शिकवणारा विज्ञान आश्रम त्यांनी उभा केला. पाऊलही करूनच शिकतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो आणि भार बेताबेतानं वाढवावा लागतो.

वेळ कुणाला मिळतो, हा प्रश्न मला त्या महिन्यांत फार छळत राहिला. मला मिळाला. आमच्या वस्तीवरच्या एका मावशींचा पाय असाच मोडला होता. ऐन कांद्याच्या लागणीचे दिवस. लागण म्हणजे ओल्या वाफ्यात उकिडवं बसून, टाचा-चवड्यांवर सरकत पुढे जायचं. सगळा भार नेमका दुखऱ्या जागी. प्लास्टर निघाल्यावर त्या आठवडाभरात टोळीत गेल्या. संध्याकाळी पाय बघवत नव्हता. ‘हाड जुळलंय म्हणले डॉक्टर,’ त्या म्हणाल्या, ‘मग घरी बसायला काय सांगू?’

शासनाचीही नजर हाडापाशीच थांबते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, एक अवयव निकामी झाला तर एक लाख. तीही खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी. मावशींच्या नावावर सातबारा नाही, आणि सुजलेला पाय निकामी म्हणता येत नाही. बुडालेल्या मजुरीला तिथं रकाना नाही. मला हे मोठं अन्यायाचं वाटतं. मोडलेला पाय पुन्हा दुखावू शकतो तो याच दिवसांत, घाईनं भार पडला तर.

त्यांच्या टोळीनं आपल्यापुरती वाट काढली. मावशींना वाफ्यात उतरू दिलं नाही. बांधावर पोतं टाकून, पाय लांब सोडून त्या रोपांचे शेंडे खुडत, जुड्या लावून देत. काम उक्तं होतं. पैसे वाटताना त्यांचा वाटा कुणी कमी केला नाही. एकरामागचा दर तेवढाच राहिला, वाफ्यातले हात दोन कमी झाले, आणि दिवस मावळल्यावरही टोळी रानात दिसायची.